साच्यातून साच्यात

काही कामे अशी असतात की त्यांत करणाऱ्याला भूषण वाटत नाही आणि पाहणाऱ्याला कौतुक वाटत नाही. नक्कल करणे हे त्यांपैकी एक होय. मूळ मजकूर लिहिणाऱ्याचे नाव मागे राहते. तो मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवून घेणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. मजकूर तोच, कागद तेवढा निराळा, मग त्यात बुद्धीचे काम ते कोणते, असा जगाचा समज आहे. आणि खरे सांगावयाचे तर, पुष्कळ वर्षे आमचाही तोच होता. आमच्या पोटापाण्याचा धंदा याच जातीचा असूनही तो होता, हे अधिक लाजिरवाणे.

आम्ही संगणकाचे प्रोग्राम लिहितो. हे ऐकून लोकांस वाटते की, आम्ही दिवसभर काहीतरी गहन गणिते सोडवीत असू. वस्तुस्थिती तशी नाही. आमच्या दिवसाचा मोठा भाग एका साच्यातील माहिती दुसऱ्या साच्यात ओतण्यात जातो. धंद्यातील मंडळी याला 'मॅपिंग' म्हणतात. एकाच माणसाची माहिती प्रोग्रामात तीन ठिकाणी तीन रूपांनी वावरते. कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, ती एका आकृतीत ठेवलेली असते. हिशेब करणारा भाग तिला दुसऱ्या आकृतीत मागतो. आणि पडद्यावर दाखवावयाची झाली की तिला तिसरी आकृती लागते. या प्रत्येक आकृतीस 'ऑब्जेक्ट' असे नाव असून तीत नाव, वय, पत्ता, रक्कम असे ठरलेले खण असतात. एका ऑब्जेक्टच्या खणातील ऐवज उचलावयाचा आणि दुसऱ्या ऑब्जेक्टच्या त्याच अर्थाच्या खणात ठेवावयाचा, इतकेच काम. घरातील धान्य कणगीतून मापात आणि मापातून पोत्यात जावे, तसे.

हे काम इतके कंटाळवाणे आहे की, ते करण्यासाठीही माणसांनी प्रोग्राम लिहून ठेविले आहेत. 'मॅपस्ट्रक्ट' आणि 'ऑटोमॅपर' ही त्यांतील दोन नावे आमच्या धंद्यातील कोणालाही ठाऊक असतील. यांची रीत साधी आहे. दोन्ही साच्यांत ज्या खणांची नावे सारखी, ते एकमेकांशी जोडून द्यावयाचे. जेथे नावे जुळत नाहीत, तेथे लिहिणाऱ्याने सांगावयाचे. घेणाऱ्या साच्यातील एखादा खण रिकामाच राहणार असे दिसले, तर 'मॅपस्ट्रक्ट' तशी सूचना आपण होऊन देते. 'ऑटोमॅपर'ला तपासणी करावयास सांगितले तर तोही देतो. परंतु येथे एक खुबी आहे, आणि आमची सारी गोष्ट त्या खुबीवर उभी आहे. घेणाऱ्या साच्यातील प्रत्येक खण भरला की नाही, एवढेच ही साधने मुख्यत्वे पाहतात; देणाऱ्या साच्यातील एखादा खण कोणी उचललाच नाही, तो जागच्या जागी पडून राहिला, याची विचारपूस मुद्दाम सांगितल्यावाचून करीत नाहीत. घेणाऱ्याची ओंजळ भरली म्हणजे व्यवहार पुरा झाला. देणाऱ्याच्या घरी काय उरले, हे पाहण्याचे कारण नाही.

दुसरीही एक खोड सांगावयास हवी. काही खण असे असतात की ते रिकामे राहूच शकत नाहीत. आकड्यासाठी केलेल्या अशा खणात काही घातले नाही, तर तेथे आपोआप शून्य उभे राहते. आता 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आमच्या गावचा जुना तलाठीसुद्धा जाणून असे. पोटखराब्याचा रकाना मोकळा असला, तर मोजणीच झाली नसेल असे तो समजे. आणि खराबा खरोखरच नसला, तर तेथे तो स्वच्छ अक्षरात 'निरंक' असे लिही. 'निरंक' हा शब्द आम्हांस फार आवडतो. 'येथे काही नाही, हे मी पाहिले आहे' अशी ग्वाही त्या एका शब्दात आहे. यंत्राच्या शून्यात ती ग्वाही नाही.

असो. धंद्याची ही ओळख पुरे झाली. आम्हांस सांगावयाचे आहे ते घरचे.

आमचे बिऱ्हाड महाडास, मूळ गाव पोलादपूर तालुक्यात. २२ जुलै २०२१ रोजी महाडात जो पूर आला, तो ज्यांनी पाहिला त्यांस त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस ते पुरणार नाही. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. तेथील घरांच्या मानाने आमचे गेले ते काहीच गेले नाही. आमच्या बिऱ्हाडाच्या खालच्या मजल्यावर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तीत घरचे जमिनीचे कागद होते. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा आतील कागदांचा एक गठ्ठा झाला होता, आणि शाई फुटून एका पिढीचे अक्षर दुसऱ्या पिढीच्या अक्षरात मिसळले होते. वडिलांनी आणि दोघा काकांनी ते कागद माळ्यावर दोरीला टांगून वाळविले. वाळल्यावर सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. घरात संगणक जाणणारे आम्ही एकटेच. "हे सगळे एकदा तुझ्या यंत्रात घाल, म्हणजे पुन्हा भिजायची भीती नाही, आणि घालतोच आहेस तर वाटणीचा हिशेबही करून टाक," असे धाकट्या काकांनी सांगितले. आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला. कचेरीत परक्यांचे मॅपिंग करणाऱ्या माणसास घरचे करावयास मिळाले, याचा आनंद काही निराळाच असतो.

कागद लावावयास घेतले, तेव्हा ध्यानात आले की, आम्ही जे काम करावयास निघालो होतो ते या कागदांवर पूर्वीच अनेकवार होऊन गेले आहे. सर्वांत जुना कागद मोडीत होता. तो मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतला. वाचताना ते मधूनमधून थांबत. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'सुत' म्हणजे मुलगा की 'सूत' म्हणजे धागा, हे अक्षर सांगत नाही, पुढचा-मागचा मजकूर सांगतो. बाळबोधीतून मोडीत जाताना हा भेद गळून पडतो आणि मोडीतून बाळबोधीत येताना तो कोणीतरी पदरचा घालावा लागतो. म्हणजे एका दिशेने उतरताना काही हरवते. आणि उलट दिशेने येताना जे हरवले होते ते लिप्यंतर करणाऱ्याच्या अकलेवर सोपविले जाते. आम्ही त्या गृहस्थांकडे आदराने पाहिले. यंत्राला जे करता येत नाही, ते ते करीत होते: थांबत होते.

त्यानंतरचे कागद खोताच्या अमलातले. या भागात खोती होती, आणि जमीन कसणारा एक व सारा भरणारा दुसरा अशी रीत होती. पुढे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला, त्याआधी १९४८ चा कूळकायदा झाला होता, आणि त्या कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक झाली असे मानावयाचे ठरले. आमचे आजोबा त्यांपैकी एक. उताऱ्यात 'कुळाचे नाव' या रकान्यात असलेला माणूस 'भोगवटादार' या रकान्यात गेला. माणूस तोच, शेत तेच, नांगरही तोच. पण रकाना बदलला आणि त्याची मान ताठ झाली. साचा बदलणे ही नुसती कारकुनी बाब नव्हे, याचा याहून चांगला पुरावा आमच्या घरात दुसरा नाही.

गंमत अशी की, त्याच १ एप्रिल १९५७ या दिवशी रुपयाचाही साचा बदलला. सोळा आण्यांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. तो पाव पैसा कोणाच्या पदरी घालावयाचा, यावरून त्या काळी दुकानादुकानांत किती वाद झाले असतील याची कल्पना करावी. रुपयातून आणे गेले, तरी जमिनीच्या हिश्श्यांतून ते लवकर गेले नाहीत. आमच्या जुन्या उताऱ्यांवर हिस्से आणे-पैतच लिहिलेले आहेत, आणि त्यात मोठे शहाणपण होते. तीन भाऊ असले तर प्रत्येकास पाच आणे चार पै. तिहींची बेरीज बरोबर सोळा आणे, शिल्लक काही नाही. दशमानात हेच काम करावयास घ्या: तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, आणि एक उरला. कितीही दशांश स्थळे घेतली तरी शेपूट राहतेच.

आमच्या हिशेबात हे शेपूट आले. भाताचे एक खाचर जुन्या उताऱ्यात १३ गुंठ्यांचे आहे. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद तो एक गुंठा. नव्या मापाने त्याचे एकशे एक चौरस मीटर आणि वर थोडेसे. तेरा गुंठ्यांचे झाले १३ आर १५ चौरस मीटर, म्हणजे एकूण १३१५ चौरस मीटर. तिघा भावांत वाटले तर प्रत्येकी ४३८, आणि एक चौरस मीटर बेवारशी. तो एक चौरस मीटर आम्हांस झोपू देईना. आकडा पूर्ण करावा तर केव्हा करावा, वाटण्याआधी की वाटल्यानंतर; उरलेला तुकडा थोरल्यास द्यावा की धाकट्यास; सामाईक ठेवावा तर तो कोणत्या खणात लिहावा, या विचारात आम्ही दोन संध्याकाळी घालविल्या. शेवटी एक तोड निघाली. सर्व खण भरले, बेरजा जुळल्या. प्रोग्रामाने एकही तक्रार केली नाही. आम्ही तक्ता छापून घेतला आणि गणपतीस सर्व मंडळी गावी जमली, तेव्हा ओटीवर बसून तो मोठ्याने वाचून दाखविला.

वडिलांचे नाव, थोरल्या काकांचे नाव, धाकट्या काकांचे नाव; पाच आणे चार पै, पाच आणे चार पै, पाच आणे चार पै. जुन्या मंडळींस समजावे म्हणून आम्ही आणेही मुद्दाम वाचले. सर्वांनी माना डोलाविल्या. सावित्रीपलीकडच्या गावी दिलेली आमची आत्या सणाला आली होती. ती दाराच्या उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडीत ऐकत होती. वाचन संपले, चहा झाला, मंडळी उठू लागली. तेव्हा सूप बाजूला ठेवून ती आम्हांस म्हणाली, "नावं चांगली वाचलीस रे बाळा. माझं कुठल्या कागदावर हाय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते; रागाला उत्तर देता येते. आम्ही गडबडून म्हटले, "आत्या, उताऱ्यावर जेवढी नावे आहेत तेवढी सगळी घेतली आहेत." आणि हे म्हणताना आमचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

रात्री पुन्हा मूळ उतारा काढला. उताऱ्याच्या नमुन्यात भोगवटादारांच्या नावांचा रकाना असतो, आणि त्याच्या एका बाजूस 'इतर हक्क' असा दुसरा असतो. कर्ज, बोजा, विहिरीचा वाटा, जाण्यायेण्याची वाट, जे जे अन्यत्र बसत नाही ते ते तेथे. आजोबा वारले तेव्हा, त्या काळी पुष्कळ गावांतून चालत होते त्याप्रमाणे, मुलांची नावे भोगवटादार म्हणून लागली आणि मुलीचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात 'वारस' म्हणून लिहिले गेले. आम्ही केलेल्या 'उतारा' या ऑब्जेक्टमध्ये तो रकाना होता. आम्हीच आमच्या हाताने त्यातील मजकूर टंकून घातला होता. परंतु आमच्या 'वाटणी' या ऑब्जेक्टमध्ये त्याच्या जोडीचा खणच नव्हता. तेव्हा तो मजकूर उचलला गेला नाही. आणि घेणाऱ्या साच्यातले सर्व खण भरलेले असल्यामुळे यंत्राला बोलण्याचे कारण उरले नाही.

याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. तेथील नाव आम्ही टंकले तेव्हाही ते कोणाचे हे आम्हांस कळले नव्हते. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. आत्याचे माहेरचे नाव आम्ही जन्मात ऐकले नव्हते. आम्हांस ती 'आत्या', सासरी तिचे नाव निराळे, आणि आधार कार्डावर सासरचे. उताऱ्यावर मात्र बापाच्या घरचे नाव, ज्या नावाने तिला हाक मारणारे आता तीन भाऊच उरले आहेत, आणि तेही 'ताई' म्हणतात. ते नाव वाचून कोणीतरी जुने कूळ किंवा सावकार असेल, असे समजून आम्ही पुढे गेलो होतो.

आता हिशेबाकडे पाहा. आजी आजोबांच्या आधीच गेली होती. जमीन आजोबांनी स्वतः कसलेली, कूळकायद्याने त्यांच्याच नावे झालेली, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. पुढे वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींना मुलांइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व सबंध देशाने २००५ मध्ये दिला. पण आमच्या आत्याला त्यांची वाट पाहण्याचे कारण नव्हते. तिचा हिस्सा पाच आणे चार पैंचा नव्हे, चार आण्यांचा. आणि भावांचाही चार-चार आण्यांचाच. त्या एका खाचरात तिचे तीनशे अठ्ठावीस चौरस मीटर आणि वर पाऊण. एका बेवारशी चौरस मीटरासाठी दोन संध्याकाळी झोप न घेणाऱ्या आमच्या हातून सबंध पावली नाहीशी झाली होती, आणि बेरीज सोळा आणेच येत होती! बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर, या समजुतीने आम्हांस जितके फसविले तितके कोणत्याही चुकीने फसविले नसेल. चुकीचा हिशेब खटकतो. अपुरा हिशेब खटकत नाही.

तेव्हापासून 'इतर' या शब्दाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहो. साचा करणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर जे असते त्यास खण देतो आणि उरलेल्यांसाठी कडेला एक 'इतर' असा खण ठेवतो. त्याच्या मनात कपट असतेच असे नाही. कित्येकदा तर ते सौजन्यच असते. पण पुढचा साचा करणारा येतो तेव्हा तो नावाचे खण उचलतो आणि 'इतर' मागे ठेवतो. दोन-तीन पिढ्यांनी असे झाले की, जो माणूस प्रथम नुसता बाजूस बसविलेला होता तो नाहीसाच होतो. आणि त्याला कोणी काढले असे विचारले, तर प्रत्येक जण खऱ्या मनाने 'मी नव्हे' असे सांगू शकतो. रायगड जिल्ह्याच्या डोंगरात कातकरी, ठाकर, धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दळीच्या जमिनी कसत आली, त्यांची नोंद वनखात्याच्या दप्तरात पडे, सातबाऱ्याच्या साच्यात तिला जागा नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करण्याची वाट उघडेपर्यंत त्यांचे शेत डोळ्यांना दिसे आणि उताऱ्यात दिसत नसे.

याच्या उलट प्रकारही आहे. त्यात नाव हरवत नाही, नाव जसेच्या तसे येते, पण अर्थ वाटेत सांडतो. आणि त्याचे उदाहरण शोधावयास महाडकरास दूर जावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे, असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या लोकांस खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कौन्सिलाच्या साच्यातील 'सार्वजनिक' हा शब्द नगरपालिकेच्या साच्यातील 'सार्वजनिक' या खणात बिनचूक उतरला. नाव नावाशी जुळले, यंत्र असते तर तेही समाधानाने गप्प बसले असते. पण तळ्याच्या काठावर त्या शब्दाचा अर्थ पूर्वीचाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचा समुदाय तळ्यावर चालत गेला व त्यांनी पाणी घेतले, तेव्हा कागदावरील शब्द आणि जमिनीवरील वस्तुस्थिती यांमधील अंतर साऱ्या देशास दिसले. पुढे दावा झाला. तळे खाजगी असल्याचे आणि वहिवाट अनादि असल्याचे म्हणणे मांडले गेले. आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने ते फेटाळले. ठराव आणि निकाल यांमध्ये तेरा वर्षे गेली. ज्यांस वाटते की शब्द तोच ठेवला म्हणजे अर्थ आपोआप येतो, त्यांनी एकदा तळ्याच्या पायऱ्यांवर बसावे.

आमच्या घरातील पावलीची त्या प्रसंगाशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. प्रसंग मोठा, आमची चूक लहान. पण दोहींतून एकच विचार आमच्या मनात ठसला की, एका साच्यातून दुसऱ्या साच्यात जाताना जे नीट बसते ते कोणीही नेईल. जे बसत नाही तेथेच माणसाचे काम सुरू होते. येथे कोणी आक्षेप घेईल की, सर्वच्या सर्व पुढे नेणे कसे शक्य आहे? प्रत्येक नव्या नमुन्यात जुन्यातील प्रत्येक रकाना ठेविला, तर नमुना कशाला बदलावयाचा? आक्षेप खरा आहे. मागे ठेवणे भागच असते. खोताचा रकाना गेला, हे योग्यच झाले. तो जावा म्हणून माणसे झगडली होती. परंतु तो गेला तो कायदा करून, उघडपणे आणि तारीख घालून गेला. आमची आत्या गेली ती कोणी न सांगता. सोडून देणे आणि सुटून जाणे यांत हा भेद आहे. 'निरंक' आणि मोकळा रकाना यांत जो भेद आहे तोच.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार शोधावेही लागत नाहीत. आमच्या धंद्यातील साधनांना 'देणाऱ्या साच्यातील न उचललेला खण दिसला तर काम थांबव' असे सांगता येते. आम्हीच कधी सांगितले नव्हते, कारण तसे केल्याने काम फार वेळा थांबते. आता आम्ही ते सांगून ठेवितो, आणि वरिष्ठांची बोलणी खातो. दुसरा उपाय जुन्या तलाठ्यांपासून शिकण्याजोगा आहे. हातच्या उताऱ्यावर प्रत्येक नावापाशी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव येथे कशाने आले, हे पाहावयाचे असेल तर फेरफार नोंदवहीत त्या आकड्याशी जावे. जे नाव कमी झाले ते खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस घालीत, म्हणजे ते गेले हेही कळे आणि होते हेही कळे. आत्याच्या नावापाशीही असा एक आकडा होता. त्या आकड्याने काढलेल्या फेरफारात आजोबांच्या मृत्यूची तारीख, तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी चारही नावे एका ओळीत, एकाच शाईने लिहिलेली सापडली. तेथे कोणी 'इतर' नव्हते.

तिसरा उपाय मोठ्याने वाचणे हा होय. कागद गावासमोर वाचून दाखवावा, ही चावडीची जुनी रीत आम्ही आजवर केवळ अडाणी लोकांसाठी केलेली सोय समजत होतो. आता कळले की, ती वाचणाऱ्यासाठीही असते. ज्याचे नाव नाही त्याला यंत्र शोधू शकत नाही. पण तो उंबऱ्याला टेकून ऐकत असला, तर विचारू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांस चूक सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ती तरी कुठे मागणार होती? बहिणी हक्क सोडतातच." यात खोटे काही नव्हते. आमच्याकडे भाऊबीजेचे ताट घेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. वडील मात्र म्हणाले, "सोडायला आधी हातात असावं लागतं." आणि ते उठून बाहेर गेले.

आम्ही 'वाटणी'च्या साच्यात नवे खण केले. नाव एकच न ठेवता माहेरचे आणि सासरचे अशी दोन ठेविली आणि ती एकाच व्यक्तीची आहेत अशी खूण केली, नाहीतर यंत्राने तिचे दोन वारस केले असते. हिस्से चार-चार आणे झाले. नवा तक्ता पुन्हा ओटीवर वाचला. तिचे माहेरचे नाव आमच्या तोंडून आले, तेव्हा आत्या क्षणभर आमच्याकडे न पाहता भावांकडे पाहू लागली. "हे नाव तुला कुणी सांगितलं?" तिने विचारले. "कागदानं," आम्ही म्हटले. "पुन्हा वाच," ती म्हणाली. आम्ही वाचले.

मग धाकट्या काकांनी हळूच हक्कसोडीचा विषय काढला. आत्याने पदर सावरला आणि म्हणाली, "सोडायचं का ठेवायचं ते मी सांगेन. घाई कशाला?"

तिने अजून सांगितलेले नाही. तक्ता चार नावांसह आमच्यापाशी आहे. सहीच्या चारही जागा मोकळ्या आहेत, आणि त्या मोकळ्या आहेत असेच आम्ही त्यात लिहून ठेविले आहे.